मदत हवी आहे: गावच्या बोअरचं पाणी बाळंतिणीला आणि बाळाला चालेल का?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी,

मी नोकरीमुळे पिंपरीत असतो. आई-वडील श्रीरामपूर तालुक्यात, कालव्याच्या पट्ट्यात. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. बहीण बाळंतपणाला माहेरी येतेय, माघात घरात तान्हं बाळ असेल. त्यामुळे इतकी वर्षं ज्याचा विचार केला नाही ते डोक्यात शिरलंय.

बोअर १८ वर्षांपूर्वी मारला, २१० फूट. तेव्हापासून पितो तेच. ग्रामपंचायतीचा नळ आहे, एक दिवसाआड येतो, पण त्याला पावडरीचा वास येतो म्हणून आमच्याकडे नळाचं पाणी धुण्याभांड्याला आणि बोअरचं प्यायला.

मागच्या आठवड्यात एक आरओ विकणारा दारात आला. मीटर बुडवला, टीडीएस ११८०. मग दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं. दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. मिनिटाभरात आमचा ग्लास तांबडा-काळा, वर गाळाचा तवंग, त्याचा ग्लास मात्र स्वच्छ. "हे तुम्ही पोटात घालताय, काकू." आईने त्या दिवसापासून बोअरच्या पाण्याला तोंड लावलेलं नाही. शेजारून कळशी आणते, आणि शेजाऱ्यांचाही बोअरच आहे!

अजून एक. महिनाभर आईचं डोकं दुखतं, मळमळतं, विशेषतः सकाळी आंघोळ झाल्यावर. आरओवाला म्हणाला, क्षारामुळे. तसं होतं का? घरात नवीन असं काहीच नाही. दिवाळीत गॅस गिझर बसवला तेवढाच.

तर प्रश्न: पाणी कुठे तपासायचं, काय काय तपासायचं, आणि १७ हजारांचा आरओ घेऊन टाकू का?

बंबवाला

पाण्याचं नंतर बघू. आधी हे सांगा, गिझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर? खिडकी आहे का, आणि ती उघडी असते का?

प्रवराकाठ

आत आहे. खिडकी नाही, वर छोटा झरोका आहे. आईला आत्ता फोन करून विचारलं. थंडी येते म्हणून तिने त्यात गोणपाट कोंबलंय.

बंबवाला

ते गोणपाट आत्ताच्या आत्ता काढायला सांगा आणि गिझर बंद ठेवा. चुलीवर तापवा पाणी, पण तो गिझर नको.

गॅस जळायला हवा लागते. कोंदट जागेत ती पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही सुरुवात, आणि पुढे माणूस दार आतून लावलेल्या न्हाणीत बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. लोक म्हणतात "हार्ट अटॅक आला वाटतं."

गिझर बाहेरच्या भिंतीवर हवा, आत फक्त गरम पाण्याचा पाईप. ते होईपर्यंत वापरायचाच झाला तर दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आत जा. बाळाला न्हाऊ घालायला त्या खोलीत अर्धा तास बसणार असाल तर हे सगळं दुप्पट मनावर घ्या.

प्रवराकाठ

काका, हातपाय गार पडले वाचून. गोणपाट काढलं. गिझरचं सिलिंडरही काढून ठेवायला सांगितलंय वडिलांना.

रसायन_मास्तर

बंबवाल्यांनी मोठं काम केलं. आता पाणी.

तो कांड्यांचा खेळ मी शाळेत मुलांना करून दाखवतो, फसवणूक कशी ओळखावी म्हणून. त्या कांड्यांत एक लोखंडी असते. ज्या पाण्यात क्षार आहेत त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. तो तांबडा गाळ तुमच्या पाण्यातला नव्हे, त्याच्या कांडीतला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पुन्हा आला तर त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि त्याचा चेहरा बघा.

टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, बस. आयएस १०५०० या भारतीय मानकात ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. तुमचं ११८० मध्येच कुठेतरी. डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल. पण जंतू आहेत का, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, यातलं काहीही तो मीटर सांगत नाही. ३०० टीडीएसचं पाणीही घाण असू शकतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची (नसांवर आघात करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) साथ आली तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. तो टीडीएस मीटरला कुठून दिसणार?

तुमच्याकडे सगळ्यात आधी नायट्रेट तपासा. चहूकडे ऊस म्हणजे गोण्यांनी युरिया, आणि पिकाने न घेतलेला युरिया पाटपाण्याबरोबर खाली भूजलात. ही काही एकट्या तुमच्या गावची गोष्ट नाही, केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर सापडल्याची नोंद आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि इथे "चालवून घ्या" अशी सवलत नाही. सोबत फ्लोराइड (१, फार तर १.५), हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि जंतूंची वेगळी तपासणी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत सामान्य माणसालाही थोड्या पैशांत पाणी तपासून मिळतं. नमुने दोन घ्यायचे. रासायनिक तपासणीला लिटरभराची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते, ती विसळायची नाही, आत बोट लावायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. आधी मोटर दहा मिनिटं चालू द्या, पाईपमधलं शिळं पाणी जाऊ दे. आणि नळाचाही नमुना द्या. तो उगीच वाळीत टाकलाय तुम्ही.

मनुका

मी एका रुग्णालयात बालरोग विभागात परिचारिका आहे, म्हणून दोन शब्द. नायट्रेटची भीती मुख्यतः सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हे पहिल्यांदा लक्षात आलं, विहिरीच्या पाण्यात कालवलेलं वरचं दूध पिऊन बाळं निळी पडत होती. नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं. म्हणजे गिझरचा घाव पडतो तिथेच, हिमोग्लोबिनवर.

पण बाळ अंगावर पीत असेल तर आईने प्यायलेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. सहा महिने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. आता खरं बोलू का? थेंबही देत नाही म्हणणाऱ्या घरात सहाणेवर बाळगुटी उगाळली जाते, ती पाण्यातच. मधाचं बोट वेगळंच. आजीला समजावणं तुमच्याकडे लागलं.

आणि "उकळून देऊ" म्हणून समाधान मानू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट उडून जात नाही. पाणी आटतं, ते तसंच राहतं, म्हणजे वाढतंच.

प्रवराकाठ

अपडेट. सरकारी प्रयोगशाळेला लागून सुट्ट्या होत्या, म्हणून नगरला खासगीत दिलं. रिपोर्ट आला.

बोअर: टीडीएस ११४०, हार्डनेस ६४०, फ्लोराइड ०.७, नायट्रेट १८.६, ई-कोलाय आढळले.
नळ: टीडीएस २६०, हार्डनेस १५०, फ्लोराइड ०.३, नायट्रेट १.९, ई-कोलाय नाहीत.

नायट्रेट ४५ च्या आत आहे! मग बोअरचं पाणी नुसतं उकळून प्यायलं तर झालं ना?

रसायन_मास्तर

थांबा. नायट्रेटच्या ओळीत एकक नीट वाचा. नुसतं "नायट्रेट" आहे की "नायट्रोजन म्हणून" असं काही बारीक अक्षरात आहे?

प्रवराकाठ

"नायट्रेट, नायट्रोजन म्हणून". फरक पडतो?

रसायन_मास्तर

सगळाच पडतो. त्यांनी नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजून लिहिलाय. आपली ४५ ची मर्यादा अख्ख्या नायट्रेटची आहे. आकड्याला ४.४३ ने गुणा. १८.६ चे झाले ८२. जवळजवळ दुप्पट. नळाचे १.९ चे साडेआठ, म्हणजे काही चिंता नाही.

प्रयोगशाळेने चूक केलेली नाही, दोन्ही पद्धती रूढ आहेत. पण ती ओळ वाचून किती जण खूश होऊन घरी जात असतील कोण जाणे.

कडूनिंब

ई-कोलाय म्हणजे मैला, माणसाचा नाहीतर जनावराचा. २१० फुटांवर तो आपोआप जात नाही. बोअरचं तोंड कसं आहे? शोषखड्डा, उकिरडा किती लांब?

प्रवराकाठ

वडिलांनी मोजलं. शोषखड्डा २२ फूट. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा पाईप, जमिनीच्या खाली, खड्ड्यात आहे, वर फरशी. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, बेडूक पकडायचो तिथे.

कडूनिंब

मग झालं की उत्तर. बेडूक सोडून बाकीचंही उतरतंय आत. केसिंगला तुकडा जोडून जमिनीच्या दीड फूट वर काढा, भोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा करा. नंतर ब्लीचिंग पावडरीने बोअर निर्जंतुक करून पुन्हा जंतूंची तपासणी. शोषखड्डा हलवणं खर्चाचं आहे, पण नवीन कराल तेव्हा बोअरच्या उताराकडे नको. यातल्या कशानेच नायट्रेट कमी होणार नाही, हेही धरून चाला. तुरटी, कॅन्डलचा फिल्टर, क्लोरीन, सगळे तिथे निरुपयोगी. आरओने होतं.

रसायन_मास्तर

आरओने होतं, पण तुम्हाला तो हवाय कशाला? नळाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी चांगलं निघालंय. वास येतो तो क्लोरीनचा, आणि तो असायलाच हवा, नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट दाखवायला सांगा, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. वास आवडत नसेल तर हंडा दोन तास उघडा ठेवा, जाळीचं फडकं घालून.

प्रवराकाठ

शेवटचं अपडेट. जलसुरक्षक आमच्याच भावकीतला निघाला. एका पाळीला पिवळं आलं, पुढच्या पाळीला कोरं. म्हणाला, पावडर संपली होती. म्हणून आता प्यायचं नळाचं, उकळून गार केलेलं, दोन दिवसांचं भरून ठेवायला तोटीचं झाकणाचं पिंप आणलंय. बोअर धुण्याभांड्याला आणि गोठ्याला. (गाईंना ८२ चालेल का हे पशुवैद्यकांना विचारलं. ते म्हणाले, याहून बरंच जास्त चालतं, युरिया कालवलेली बादली तेवढी त्यांच्यासमोर ठेवू नका.) केसिंगचं काम पुढच्या आठवड्यात. आरओवाल्याला फोनवर मिठाचं सांगितलं, त्याने फोन ठेवला.

बाळगुटीवर आई अजून बोलत नाहीये. मनुकाताई, तुम्ही सांगितलेलं वाचून दाखवलं, "तू गुटीवरच वाढलास" एवढंच उत्तर मिळालं.

गिझर मागच्या बाहेरच्या भिंतीवर गेला. आईचं डोकं ११ दिवसांत दुखलेलं नाही. आता तिची तक्रार अशी की पहाटेच्या थंडीत चालू करायला अंगणात जावं लागतं, आणि हे कुणी सुचवलं त्याचं नाव तिला हवंय.

बंबवाला

नाव सांगू नका. शाल घ्यायला सांगा.