मदत हवी आहे: वडिलांची दुनळी बंदूक खानापूरहून कोल्हापूरला गाडीतून नेता येईल का?

नमस्कार. बाबा गेले, परवाच तेरावं झालं. जांबोटीच्या बाजूला आमचं भात आणि थोडा ऊस आहे. रात्री गवे, रानडुकरं पिकात उतरतात, म्हणून हवेत बार काढायला बाबांनी बारा बोअरची दुनळी घेतलेली. परवाना बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा, त्यांच्या एकट्याच्या नावावर.

बंदूक कपाटात आहे, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. शेजारी बिस्किटांच्या डब्यात अकरा काडतुसं आणि दर निवडणुकीला ठाण्यात बंदूक जमा केल्याच्या पावत्या, सुतळीनं बांधून. एकही हरवलेली नाही. अशा माणसाच्या मागे माझ्या हातून कायदा मोडायला नको.

आई आता माझ्याकडे कोल्हापूरला येतेय, इथं घराला कुलूप लागणार. रविवारी बायको-मुलासह कारनं निघायचं होतं. काका म्हणतात, "डिकीत टाक, काडतुसं वेगळी ठेव, कोगनोळीच्या सीमा नाक्यावर विचारलं तर परवाना दाखव." मला पटत नाहीये. वारलेल्या माणसाचा परवाना चालतो का?

उत्तर: चालत नाही, दादा. बाबांबरोबर तो परवाना संपला. आता बंदूक घरात ठेवणंही अडचणीचं. शस्त्र कायदा १९५९, कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. शिवाय कलम ३५ बघा: गाडीत शस्त्र आहे हे ठाऊक असलेल्या प्रत्येकावर जबाबदारी येऊ शकते. म्हणजे वहिनी आणि आईसुद्धा.

आधी मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत घेऊन ठाण्यात लेखी कळवा. बंदूक कधी, कशी आणायची ते त्यांनाच विचारा. त्यांनी आणायला सांगितलं तर दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघा, काडतुसं वेगळ्या पिशवीत घ्या, वाटेत थांबू नका. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या.

ठेवायचीच असेल तर शस्त्र नियम २०१६, नियम २५ मध्ये वारसाला परवाना मिळायची सोय आहे. तुम्ही राहता कोल्हापुरात, तेव्हा अर्ज तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात. इतर वारसांची ना-हरकत मागतात. परवाना हातात आल्यावरच बंदूक हलवा.

धागाकर्ता: मनापासून आभार. रविवारचं निघणं पुढे ढकललंय, उद्या सकाळी ठाण्यात जातो. बहीण गोव्यात असते, तिची ना-हरकत साध्या कागदावर चालेल की स्टॅम्प पेपर लागेल?