इंटेल धरून ठेवावा की विकून एएमडी घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझे काका न्यू जर्सीत असतात, रिटायर झालेत, त्यांच्याकडे इंटेल या चिप कंपनीचे शेअर बऱ्याच वर्षांपासून आहेत, घेतलेलेच मुळात डिव्हिडंडसाठी (लाभांशासाठी). 2023 मध्ये तिमाही डिव्हिडंड साडेछत्तीस सेंटवरून साडेबारा सेंटवर आणला, मग ऑगस्ट 2024 ला चौथ्या तिमाहीपासून बंदच करतोय म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर 26 टक्के पडला. मी पुण्यात सर्व्हरच्या कामात असतो म्हणून काका मला विचारतायत की सगळं विकून एएमडीत, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्धी चिप कंपनीत, टाकू का.

आता चिपच्या बाजूने बघितलं तर एएमडीने कमाल केलीय यात वादच नाही. लिसा सू 2014 ला सीईओ झाल्या तेव्हा शेअर तीन डॉलरच्या आसपास होता, 2017 ला रायझन (पीसीच्या) आणि एपिक (सर्व्हरच्या) चिप आल्या आणि चित्रच पालटलं. पण मला अडतंय ते इथे, की एएमडीने स्वतःचे फॅब (चिप बनवायचे कारखाने) 2009 मध्येच वेगळे काढले आणि आता मुख्य चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतात. इंटेलचं चिप बनवायचं नवं 10 नॅनोमीटर तंत्र रखडलं तेव्हा टीएसएमसीचं 7 नॅनोमीटर तयार होतं, त्याचा फायदा एएमडीला झाला. म्हणजे उद्या तैवानमध्ये काही गडबड झाली तर एएमडीलाच जास्त फटका ना? इंटेलकडे ॲरिझोना, ओरेगॉनला स्वतःचे फॅब आहेत, तेच फॅब पैसा खातायत पण बहुतेक त्यांच्यामुळेच ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकन सरकारने 20.47 डॉलरने जवळपास 10 टक्के हिस्सा घेतला, पुढच्याच महिन्यात एनव्हिडिया या एआय चिपवाल्या कंपनीने इंटेलमध्ये 5 अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. त्यामुळे या दोन कंपन्यांची थेट तुलना करणंच मला बरोबर वाटत नाही.

शिवाय एएमडी डिव्हिडंड देतच नाही, म्हणजे काकांची नियमित पैशांची गरज तिथेही भागणार नाही. सेमीकंडक्टर ईटीएफ (चिप कंपन्यांचे शेअर एकत्र असलेले, बाजारात विकले जाणारे फंड) बघितले तर काहींत एनव्हिडिया आणि टीएसएमसीचंच वजन जास्त.

तर ज्यांनी हे दोन्ही शेअर बरीच वर्षं सांभाळलेत त्यांनी प्लीज सांगा, इंटेलच्या तिमाही निकालात तुम्ही नक्की काय बघता, सर्व्हर चिपच्या बाजारातला हिस्सा की फाउंड्रीचा (चिप बनवून देण्याच्या धंद्याचा) तोटा? आणि सत्तरीच्या माणसाने एकाच क्षेत्रात किती टक्के ठेवावेत? अमेरिकेत राहून टॅक्सचा हिशोब केलेलं कोणी असेल तर तेही लिहा, काकांना रविवारी फोन करायचाय.