भारत ‘तटस्थ’, ‘गैरहजर’ की आणखी काही?

प्रश्न : जीनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेतल्या मतदानाच्या बातम्यांत कुठे ‘भारत तटस्थ’, कुठे ‘भारत गैरहजर’, तर कुठे ‘भारत अलिप्त’ असं वाचायला मिळतं. हे शब्द एकाच अर्थाचे का?

उत्तर : नाहीत. ‘गैरहजर’ तर सरळ चूक. ६ ऑक्टोबर २०२२ ला चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या मानवाधिकारांवर चर्चा घ्यावी का, एवढाच प्रस्ताव होता. बाजूने १७, विरोधात १९, आणि ११ देशांनी कुठलंच मत दिलं नाही. बेरीज ४७, म्हणजे परिषदेचे सगळे सदस्य हजर! भारत त्या ११ मध्ये होता.

‘अलिप्त’ हे परराष्ट्र धोरणाचं विशेषण आहे, एका मतदानाचं नव्हे.

खरा घोटाळा ‘तटस्थ’चा. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, ज्याचं त्या प्रवाहात काही गुंतलेलं नाही असा. भारताचं तर बरंच गुंतलं होतं. लडाखमध्ये चिनी सैन्य समोर उभं होतं, आणि एकेका देशावर बोट ठेवणारे ठराव नकोत ही आपली जुनी भूमिका आहे. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवाधिकारांचा आदर व्हावा, असंही म्हटलं. शिवाय त्या ११ पैकी तिघांनी ‘हो’ म्हटलं असतं, तर चर्चा झाली असती. शिनजियांगमधल्या उइघुर या मुस्लिम समाजासाठी हा फरक छोटा नव्हता. म्हणून मी ‘मतदान टाळले’ असं लिहितो.

प्रतिसाद : ‘टाळले’मध्ये पळ काढल्याचा आरोप येतो. बातमीत तो नको ना?

उत्तर : तुमचा मुद्दा रास्त आहे, ‘मत दिले नाही’ लिहा, त्यात ठपका नाही. पण ‘तटस्थ’ नकोच. श्रीलंकेचं बघा. २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने तिथल्या युद्धातल्या अत्याचारांबाबतच्या ठरावांना पाठिंबा दिला. या प्रश्नावरून तमिळनाडूतल्या द्रमुक पक्षाने २०१३ मध्ये केंद्र सरकारचा पाठिंबाही काढून घेतला होता. २०१४ च्या ठरावात आंतरराष्ट्रीय चौकशी आली, तेव्हा हा बाहेरचा हस्तक्षेप आहे असं सांगून भारताने मत दिलं नाही. एवढी ठाम हरकत नोंदवणारा देश तटस्थ कसा? कोलंबोशी संबंध राखायचे आणि तमिळांचंही ऐकायचं, ही ओढाताण त्या शब्दाखाली पार झाकली जाते.

आकडे देताना ‘बाजूने १७, विरोधात १९, मत न देणारे ११’ असं छापलं की पुरे.