सड्यावरची रानमोडी चवथीनंतर लगेच उपटावी का?

पेडण्याचा_सडा
गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपे माजली आहेत. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मंडळातले वीसेक जण लागोपाठ दोन रविवार द्यायला तयार आहेत. पावसात मुळे सहज सुटतात हे खरे, पण मधोमध सीतेची आसवे आणि गेंद ही सड्यावरची छोटी पावसाळी रोपे तेव्हा फुलावरच असतील. जागा कोमुनिदादची (गोव्यातली गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), परवानगी घेतली आहे.

कातळफूल
लागोपाठ नको. एक रविवार चवथीनंतर, दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी.

पहिल्या दिवशी फक्त कडेला, जिथे माती वीतभर खोल आहे तिथे काम करा. रानमोडीचे मूळ उथळ असते. बुंधा दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढला की ओल्या मातीतून अख्खे झुडूप येते. नुसता कोयता मारलात तर त्याच बुंध्याला नवे फुटवे येतात.

मधल्या भागात मातीचा थर बोटभरही नसतो. ओला असताना त्यावर बूट घसरला तर तो कातळावरून सालीसारखा निघतो, आणि गेंदाचे बी त्याच थरात पडायचे असते. पाणी आटल्यावरच तिथे जा, तेही उघड्या कातळावर पाय ठेवत. मात्र डिसेंबर उजाडू देऊ नका. रानमोडीचे केसाळ बी एकदा वाऱ्यावर गेले की वर्षाची मेहनत गेली.

कुळागर
फटीतली रानमोडी ओढताना मूळ तुटते. पहारीने फट मोठी करू नका, त्याच फटीत देशी रोपेही असतात. अगदी खाली कापा आणि फुटवे आले की पुन्हा कापा.

नवख्यांना आधी रानमोडीचे पान दाखवा: समोरासमोर जोडीने, त्रिकोणी, तीन ठळक शिरा, चुरगळल्यावर उग्र वास. देशी भांबुर्डीची पाने एकाआड एक असतात. ती उपटू नका.

घाणेरीला वेगळी रीत. बुंध्याभोवतीची माती बाजूला करून सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर तोडायचे आणि झुडूप मुळे वर करून कातळावर वाळवायचे. मातीला टेकले तर पुन्हा रुजते. हातमोजे लागतीलच; आणि झुडपाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, कातळावर फुरसे हा विषारी साप असतो.

पेडण्याचा_सडा
काढलेले पेटवून द्यावे का? रिकाम्या जागेत झाडे लावायचाही विचार आहे.

कातळफूल
दोन्ही नको. आगीत सड्याचे गवत जाते, रानमोडी बुंध्यातून परत येते. ढीग कडेला, डबक्यांपासून लांब करा.

झाडांचा विचार तर कृपा करून सोडाच. सडा उजाड नाही, तो मुळातच उघडा असतो. खड्डे खणून, वरून माती आणून रोपे लावलीत की सावली पडते, माती साठते आणि उथळ पाण्यातली फुले संपतात. त्याऐवजी पुढच्या जूनला पाचच जण पाठवा. पक्षी बसतात त्या झाडांखाली घाणेरीची रोपे उगवलेली दिसतील. बोटभर असताना ती दोन बोटांत धरून निघतात.