प्रतिसाद: पदक द्या, पण अटीसह
'परदेशात स्थायिक झालेल्यांना आपला रसायनशास्त्राचा पुरस्कार कशाला?' हा सूर आम्हा बडोदेकरांना पटायचा नाही. वेंकी रामकृष्णन १९७१ साली इथल्याच सयाजीराव विद्यापीठातून बी.एस्सी. झाले (तेही भौतिकशास्त्रात!) आणि अमेरिकेला गेले. रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणाच्या) रचनेवरच्या कामाला २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि २०१०मध्ये आपण पद्मविभूषण दिलं. उशीर खटकतो तो आपला. मात्र नुसतं पदक गळ्यात घालून काय होणार? १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात धाडलं, दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करायचा करारही लिहून घेतला. १० वर्षं नकोत, पण वर्षाकाठी महिनाभर इथल्या प्रयोगशाळेत पोरांबरोबर उभं राहायची अट घालायला काय हरकत आहे?