चार महिन्यांचा पॉइंटर, पॉइंट धरायला कसं शिकवू? (शिकार नाही, फोटोसाठी) बजेट ३०००

मोसंबीवाला_अंबड:
राम राम मंडळी. अंबडजवळ आमची मोसंबीची बाग आहे, भोवती तूर, हरभरा आन मधी थोडा माळ. मेव्हण्यानं पुण्याहून इंग्लिश पॉइंटरचं पिल्लू आणून दिलंय, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, चार महिन्यांचं, नाव सोन्या. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे पण तितर आन लावे गवतात दिसतच न्हाईत, पायाखालून भुर्र उडाले की मग कळतं. ही जात वास लागला की जागच्या जागी थबकती, पुढचा एक पाय उचलून, शेपूट ताठ, त्यालाच पॉइंट म्हणतात. म्हणलं सोन्या थांबला की आपण लांबूनच लेन्स लावायची. बंदूक घरात न्हाई आन शिकार करायचीपण न्हाई. आत्ता तो फुलपाखरामागं पळतो, हाक मारली की वळून बघतो आन परत पळतो. सामान काय घेऊ, सुरुवात कुठून करू? सगळं मिळून ३००० च्या वर जाता येणार न्हाई.

जानवळकर:
पॉइंटर कशाला घेतला राव. आमच्या चाकूर तालुक्यात जानवळला या, घरोघरी कारवानी कुत्री आहेत, पिढ्यानपिढ्या सांभाळलेली. ऊन, दगडं, काटे सगळं सोसतात, खाणं बेताचं, दवाखाना कसा असतो ते त्यांना माहीत न्हाई. हे पिल्लू मेव्हण्याला परत द्या.

आष्टीकर_९०:
शॉकवाला पट्टा घ्या, इकडं तिकडं बघू नका. मी माझ्या जर्मन शॉर्टहेअरला रिमोटवाला घेतला, सात हजार गेले पण एकच नंबर काम. बटन दाबलं की कुत्रं जाग्यावर. आता आख्ख्या शिवारात माझ्यासारखं ऐकणारं कुत्रं कुणाकडं न्हाई.

परभणीचा_दादा:
सात हजार?? भाऊनं ३००० लिहिलंय. आन चार महिन्यांच्या लेकराला शॉक देऊ नका हो. तितराचा वास आला, पोरगं थांबलं आन नेमका तेव्हाच झटका बसला तर त्याच्या डोक्यात बसतं की हा वास म्हणजे मार. मग ते पक्ष्याजवळ जाताच तोंड फिरवून निघून जातं, असं कुत्रं माझ्या चुलत्यानं विकत घेतलं होतं, विकणारानं पट्ट्यावरच शिकवलेलं, काही केलं तरी सुधरलं न्हाई.

सोन्यासाठी सांगतो. पॉइंट शिकवावा लागत न्हाई, तो रक्तातच असतो. आपल्याला शिकवायच्या दोनच गोष्टी, हाक मारली की येणं आन थांब म्हणलं की थांबणं. त्याला लागतो कासरा. बैलाचाच कासरा, पण हलका सुती बघा, वीस-पंचवीस फूट, नायलॉनचा घेतला तर हात कापतो. साधा गळपट्टा, एक शिट्टी, खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. पाचशेत सगळं येतं. कासरा जमिनीवर लोळत राहू द्या, पिल्लाला मोकळं वाटलं पाहिजे. हाक एकदाच मारायची, आलं न्हाई तर कासरा हळूच ओढत जवळ घ्यायचं, आलं की तुकडा आन शाबासकी. दहादा हाका मारल्या की त्याला कळतं की पहिल्या नऊ हाकांना काही अर्थ न्हाई. एका वेळी पाच-दहा मिनिटं, त्याच्यावर न्हाई, त्याचं मन उडायच्या आधी बंद करायचं.

थांबणं जेवणाच्या ताटलीपाशी शिकवा. ताटली ठेवायची, कासरा धरायचा, "थांब", दोन श्वास, मग "जा". ते दोन श्वास हळूहळू वाढवायचे. ही सवय लागली की पुढं पक्ष्यापुढं थांबवणं सोपं जातं.

आष्टीकर_९०:
दादा तुमच्या चुलत्याचं कुत्रं खराब निघालं त्यात पट्ट्याचा काय दोष. माझं बघायला या एकदा आष्टीला.

उमरगा_एक्सप्रेस:
काठीला दोरी, दोरीला कोंबडीचं पंख. चिकनच्या दुकानात फुकट मिळतं. पिल्लापुढं फिरवा, लगेच पॉइंट धरतंय. व्हिडिओ काढा, लई भारी दिसतंय.

परभणीचा_दादा:
पंख दोन-चार वेळा ठीक हाय, त्याच्यापुढं नको. तो डोळ्यानं बघून थांबतो, नाकानं न्हाई. रोज पंख नाचवलं तर पोरगं नाक वापरायचं सोडून काय हलतंय ते शोधत बसतं. त्यापेक्षा तेच पंख गवतात लपवा आन वाऱ्याच्या उलट्या दिशेनं पिल्लू आणा, म्हणजे वारा पंखाकडून त्याच्या तोंडावर आला पाहिजे. सकाळी दव असताना करा, वास जमिनीलगत राहतो. दुपारी रान तापल्यावर मोठ्या कुत्र्यालापण नीट लागत न्हाई. थबकला की आपणपण गप उभं राहायचं, बडबड करायची न्हाई.

जहागीरदार_वाडा:
आमच्या आजोबांच्या वाड्यावर निजामाच्या काळी असेच पॉइंटर होते, घोड्यावरून जायचे, लाव्यांच्या माळा घेऊन यायचे. तेव्हाची कुत्री आता कुठं. एखादा जिवंत तितर पकडून पिंजऱ्यात ठेवा आणि त्यावर सराव करा, आजोबांची हीच पद्धत होती.

पक्षीवेडा_पैठण:
वरचं कुणीही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, नुसता तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलंय, आणि पक्ष्यांची अंडी, घरटी विस्कटणंसुद्धा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून एक लाखापर्यंत गेलाय. तितर पिंजऱ्यात ठेवला की थेट गुन्हा.

आणि मोसंबीवाले भाऊ, मी जायकवाडीवर कायम फोटो काढतो म्हणून मनापासून सांगतो, रानातल्या पक्ष्यांवर कुत्रं सोडून फोटो काढू नका. कुत्रं हातभर अंतरावर येऊन उभं राहिलं की तितर जीव मुठीत धरून बसलेला असतो, असा फोटो काय कामाचा. तितर, लावे दोन्ही जमिनीवरच अंडी घालतात, पावसाळ्यात तर लावे गवतात जागोजागी बसलेले असतात, एकदा उठवली की मादी घरटं सोडू शकते. धुऱ्यावर पहाटे गप बसा, तितर स्वतः ओरडत बाहेर येतो.

जहागीरदार_वाडा:
मी जुन्या काळचं सांगत होतो. कायदा मलाही माहीत आहे.

डॉक्टरताई_लातूर:
ट्रेनिंग बाजूला ठेवा, आधी लसी झाल्यात का? पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा उलटी-हगवणीचा आजार, त्याचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लागतात, रेबीज तीन महिन्यांनंतर. पूर्ण झाल्याशिवाय रानात, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी नेऊ नका.

दुसरं गोचीड. पॉइंटरचं अंग आखूड केसांचं, गवतात फिरणार, आणि आपल्याकडं गोचीडतापानं पिल्लं जातात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, खाणं सोडलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. महिन्याची गोचीडाची गोळी वजनावर मिळते, तुमच्या ३००० मधली पहिली खरेदी ती करा. गाई-म्हशीचं गोचीडाचं औषध कुत्र्याला चोळू नका, डोस चुकतो आणि ते चाटतं.

तिसरं कुसळ. माळावरून आलं की बोटांच्या बेचक्या, कान, डोळ्याचे कोपरे बघा. कुसळ आत शिरलं की पुढं पुढंच जातं.

जानवळकर:
हेच मी म्हणलो. कारवानीला गोचीड लागतच न्हाई.

डॉक्टरताई_लातूर:
लागतं. कारवानी माझ्याकडं कायम येतात.

उदगीरचा_सरदार:
जानवळकर, तुमच्याकडं कारवानी का पश्मी? कानावर आन शेपटीला लांब केस असले तर पश्मी. दोन्ही नजरेनं पळणारी कुत्री, सशामागं सुसाट. पॉइंटर नाकानं चालतो. हे काम कारवानीकडून व्हायचं न्हाई.

जानवळकर:
आमच्याकडं दोन्ही आहेत. माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनाला येऊन बघा, मग बोला.

बदनापूर_बुलेट:
त्याला बुलेटमागं रोज पाच किलोमीटर पळवा, दम निघाला की आपोआप ऐकतंय. आन आत्तापासून जवळ फटाके वाजवा, आवाजाची भीती जाती.

परभणीचा_दादा:
दोन्ही चुकीचं. पिल्लाची हाडं अजून भरायचीत, वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत गाडीमागं पळवायचं न्हाई. फटाक्यानं एकदा भेदरलं की जन्मभर ढगाच्या गडगडाटालापण पलंगाखाली घुसतं. आवाजाची सवय जेवताना लावायची, लांबून ताटली वाजवायची, खाणं थांबलं न्हाई तर दुसऱ्या दिवशी थोडं जवळून.

आखाडा_जिंतूर:
शॉकचा पट्टा नको, पण जीपीएसचा पट्टा घ्याच, महाग असला तरी. आमच्याकडं रानडुकरासाठी लोक धुऱ्याच्या तारेत करंट सोडतात. आमचं चांगलं कुत्रं त्यातच गेलं, कुणाच्या वावरात पडलंय ते तीन दिवस कळलं न्हाई. सालगड्यानं शोधलं. अजून त्या रानातून जावं वाटत न्हाई.

उमरगा_एक्सप्रेस:
कासराच बरोबर हाय, मीपण तेच म्हणणार होतो.

मोसंबीवाला_अंबड:
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. ताई, लसीचा शेवटचा डोस राहिलाय, सोमवारी नेतोय, गोळी तिथूनच घेतो. पैठणच्या भाऊंचं पटलं, रानातल्या पक्ष्यावर त्याला सोडणार न्हाई.

पण कासरा मी घेणार न्हाई, दादा माफ करा. बागेला चहूबाजूंनी जाळी हाय, करंट न्हाई, बाहेर जाता येत न्हाई. तिथं त्याला मोकळाच ठेवतो. काल संध्याकाळी त्यानं आळ्यापाशी बुलबुलाचं पडलेलं पीस हुंगलं आन पाय उचलून उभा राहिला, शेपूट इतकं ताठ की मी पाण्याची मोटार बंद करायची विसरून बघत बसलो. दोरी लावून ते बघायचं मन होत न्हाई. पंख लपवून वाऱ्यावर आणायचं तेवढं उद्यापासून करतो. फोटोपण त्याचेच काढीन. वडलांना मोठा कॅमेरा धरता येत न्हाई पण मोबाईलवर ते दिवसभर त्याचेच काढायलेत.

आष्टीकर_९०:
मोकळा सोडला तर सहा महिन्यांनी परत इथंच विचारायला येणार बघा.

परभणीचा_दादा:
दोरी नको तर नको. निदान हाक एकदाच मारा, आन तो येईना तर तुम्ही उलट्या दिशेनं पळत सुटा, पिल्लू मागं येतंच. जाळीखालून कुठं माती उकरलीय का ते रोज बघा.

डॉक्टरताई_लातूर:
मोसंबीवर फवारणी कधी आहे? त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस बागेत सोडू नका. औषधाच्या डब्यावर किती दिवस आत जायचं नाही ते लिहिलेलं असतं, त्याच्यापेक्षा जास्तच थांबा, आणि खाली पडलेली फळं चघळू देऊ नका.