चार इंची भिंतीतून ओट्यापर्यंत विजेची नवी लाइन न्यायची आहे, मार्ग सुचवा

चिंचवडकर:
इमारत १९९४ची, तिसरा मजला, टू बीएचके. स्वयंपाकघरात आजवर मिक्सर, फ्रिज आणि वॉटर प्युरिफायर, सगळं एकाच बोर्डावर. डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइन जिथून फुटतात ती पेटी) त्या बोर्डाला आलेली वायर दीड स्क्वेअरची (चौरस मिमी) आहे. आता २००० वॅटचं इंडक्शन आणि १५०० वॅटचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) कायमचे ओट्यावर येणार, म्हणून सोळा अँपिअरचे दोन वेगळे पॉइंट हवेत.

डीबी हॉलमध्ये, मुख्य दाराच्या वर. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चार इंची विटांची भिंत आणि तिच्या डोक्यावर बीम. जुन्या पाइपातून वायर ओढता येते का, ते पाहायला इलेक्ट्रिशियनने स्प्रिंग घातली. ती दाराच्या वरच्या वळणावर अडकली ती अडकलीच. आता तो म्हणतो, "डीबीपासून ओट्यापर्यंत तिरका कटर मारू, वायर कमी लागेल. आणि नुसता फेज नवा ओढतो, न्यूट्रल-अर्थिंग किचनच्या बोर्डातनंच उचलू."

प्रश्न दोनच. तिरकी खाच चालेल का? आणि न्यूट्रल असा उचलणं बरोबर आहे का? मला ही न्यूट्रलची गोष्ट पटत नाहीये, पण का ते त्याला सांगता येत नाही. घरी भिंतीवरून वायर झाकत जाणाऱ्या केसिंग पट्टीला सक्त विरोध आहे (कारण: "दिसते").

विटकर:
तिरकी नको. उद्या तिथे कोणी फोटोफ्रेमचा खिळा ठोकला तर थेट पाइपात. पाइप नेहमी बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवा, म्हणजे न बघताही अंदाज येतो.

चार इंची भिंतीत लांब आडवी खाचही नको. सर्वसाधारण नियम असा की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशाहून. वीट शंभर मिमी धरली तर उभी तेहतीस मिमी, आडवी जेमतेम सतरा. पंचवीसचा पाइप आडवा बसवला की वर प्लास्टरला जागाच उरत नाही, मग वर्षभरात पाइपाच्या रेषेत तडा. बीमला तर हातही लावू नका, कटर सळईपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

चिंचवडकर:
मग आडवं जायचं कुठून?

सर्किटबाबा:
त्याआधी न्यूट्रल, कारण खरा धोका तिथे आहे.

जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. इंडक्शनचे साधारण पावणेनऊ अँपिअर आणि ओटीजीचे साडेसहा, हे सगळं तुमच्या जुन्या दीड स्क्वेअरच्या काळ्या वायरीतून परत येणार. त्यात जुन्या बोर्डाचा मिक्सर-फ्रिज आहेच. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) बसतो फेजवर, त्यामुळे ती काळी वायर तापली तरी तो पडत नाही. घराला एकच मेन आरसीसीबी (गेलेल्या-आलेल्या करंटमध्ये फरक पडला की पडणारा स्विच) असेल तर तोही पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने गेलेलं आणि आलेलं सारखंच.

दुसरं त्याहून वाईट. पुढे कोणी दुरुस्तीला येईल, किचनचा एमसीबी पाडेल आणि बोर्ड मेला समजून काळी वायर सोडेल. इकडे इंडक्शन चालू असेल तर त्या सुटलेल्या टोकात करंट. तेव्हा प्रत्येक लाइनचा न्यूट्रल वेगळा आणि तो डीबीच्या न्यूट्रल लिंकपर्यंत (सगळे न्यूट्रल जिथे जुळतात ती पट्टी). इलेक्ट्रिशियनने हे ऐकलं नाही तर माणूस बदला, परवानाधारक वायरमन बघा.

दोन पॉइंटना दोन लाइन करा: अडीच स्क्वेअर, एफआरएलएस (आग पसरू न देणारी, कमी धुराची) कॉपर, दोन फेज, दोन काळ्या, एक हिरवी (अर्थिंगची), एकूण पाच वायरी पंचवीसच्या पाइपात. डीबीत सोळाचे दोन सी-कर्व्ह (सुरुवातीच्या झटक्याला न पडणारे) एमसीबी. जागा नसेल तर डीबी मोठी करावी लागेल. पाइपात सांधा एकही नाही. जोड द्यायचा तो बॉक्समध्ये.

माई:
मार्गाचं मी सांगते, आमच्याकडे तसंच केलंय. डीबीपासून सरळ वर बीमच्या खालच्या कडेपर्यंत, तिथून केसिंग पट्टी बीमला चिकटून, स्वयंपाकघरात माळ्याखालून पुढे, आणि ओट्यावर फक्त शेवटची उभी खाच. पट्टीला भिंतीचाच रंग मारला. पाहुण्यांना आजवर दिसली नाही, फक्त सासूबाईंना दिसते.

पॉइंट शेगडीच्या थेट मागे घेऊ नका, वाफ आणि तेल. सिंकपासूनही लांब. मी खिडकीच्या बाजूला घेतला आणि तरी फोडणीचे शिंतोडे जातात.

विटकर:
खाच बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा, जमिनीपासूनची उंची आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दोन्ही दिसेल असा. बुजवताना वर कोंबडी-जाळी मारायला सांगा, नाहीतर केसासारखी भेग येतेच.

चिंचवडकर:
सगळ्यांना धन्यवाद. पट्टीचं घरी मान्य झालं, माईंचा पाहुण्यांचा मुद्दा वाचून दाखवला. ओट्यामागच्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे आणि नळाची पाइपलाइन बहुधा त्याच भिंतीत. उभी खाच मारताना ती लागणार नाही ना?

सर्किटबाबा:
बाथरूमच्या बाजूने गीझरचा आणि नळाचा कोपरा मोजा, पाइप साधारण त्यांच्याच सरळ रेषेत असतात. त्या रेषेच्या दोन्हीकडे सहा-सहा इंच सोडून खाच मारा. शंका असेल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, कटर न लावता छिन्नी-हातोडीने आधी थोडं उघडून बघा.